नेहमीच्या भारासह

वेणूताई डबीर खोटं बोलल्या, असं यंत्रानं मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता जाहीर केलं. माणसांनी नव्हे. माणसांना विचारलं असतं, तर कराडात एकही जण तसं म्हणायला तयार झाला नसता. चाळीस वर्षं ज्या बाईनं नारदाच्या गादीवर उभं राहून कीर्तन केलं, आणि आख्यानात एखादं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी आधी ते दुरुस्त करून मगच पूर्वरंगाला हात घातला, तिच्याबद्दल कोण म्हणणार?

अपघात सोमवारी झाला होता. ओगलेवाडीहून कराडकडे येताना उभ्या बसच्या पुढून एक म्हातारा डोक्यावर पाटी घेऊन एकदम रस्त्यात आला. ताईंनी ब्रेक दाबला, तरी धक्का लागायचा तो लागलाच. म्हाताऱ्याच्या खुब्याचं हाड मोडलं. ताई पळाल्या नाहीत. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ॲम्ब्युलन्स येईस्तोवर रस्त्यात बसून राहिल्या. पोलिसानं विचारलं, "वेग किती होता?"

"अडतीस असेल," ताई म्हणाल्या. "चाळीसच्या आत नक्की."

तिथली मर्यादा चाळीसची. मंगळवारी गतिसाक्षीचा अहवाल आला : वेग चाळीस पूर्णांक सहा. दोष शंभर टक्के चालकाचा. आणि खाली लाल अक्षरांत आणखी एक ओळ : चालकाने असत्य विधान केले.

दोषाचं एक वेळ सोसता येतं. ती लाल ओळ मात्र माणसाच्या नावाला चिकटते. हल्ली प्रत्येकाच्या नावापुढं विश्वासांक असतो. घर भाड्यानं देणारा तो बघतो, मुलीला स्थळ आणणारा बघतो, आणि तीन वर्षांपासून जाहीर व्यासपीठावर माणूस उभा करायचा तर तो बघावाच लागतो, तसा नियमच आहे. दुपारपर्यंत देवस्थानाच्या विश्वस्तांचा फोन आला. चैत्रातली नऊ दिवसांची कीर्तनं 'तूर्तास' पुढं ढकलली होती. तूर्तास म्हणजे किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही आणि ताईंनी विचारलं नाही.

हे सगळं मला ठाऊक असायचं कारण असं, की ताईंच्या स्कूटरवरची ती गतिसाक्षी मी बसवलेली आहे. मी सोपान दळवी. विद्यानगरला माझं गॅरेज आहे आणि गतिसाक्षी बसवण्याचा परवाना होता. 'होता' का म्हणतोय, ते पुढं येईलच.

गतिसाक्षी म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण लोक तिला जादू समजतात आणि सरकार तिला देव समजतं. ती यातलं काहीच नाही. स्कूटरच्या पुढच्या चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या गोल भागावर, एक लोहचुंबक चिकटवायचा, शेंगदाण्याएवढा. समोर, चाक धरणाऱ्या दांड्यावर, सेन्सर बसवायचा. चुंबक समोरून गेला की सेन्सरमध्ये विजेचा एक बारीकसा ठोका पडतो. एक फेरा, एक ठोका. एका सेकंदात ठोके किती आणि एका फेऱ्यात गाडी पुढं सरकते किती, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वेग. शाळेतलं पोर करील असलं गणित. हा गुणाकार मोहोरबंद डबीत होतो आणि तिथून थेट सरकारकडं जातो. उपग्रहाच्या खुणा झाडाखाली आणि पुलाखाली फसतात, शिवाय त्या फसवताही येतात, म्हणून कोर्टानं त्या नाकारल्या आणि चाकावर विश्वास ठेवला. 'चाक खोटं बोलत नाही' अशी पाटीच लावलीय प्रत्येक चौकात. डबीला काटा नाही, आकडा दिसत नाही. का, तर साक्षीदारानं आरोपीशी बोलायचं नसतं. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणात हे वाक्य आम्हांला हसत हसत सांगितलं होतं.

ठोके मोजण्यात चूक होत नाही, हे मी शपथेवर सांगतो. चूक होते ती दुसऱ्या आकड्यात. एका फेऱ्यात गाडी सरकते किती? रबर म्हणजे लोखंड नव्हे. रिकाम्या गाडीचं चाक गोल असतं. तिच्यावर माणूस बसला, ओझं आलं, की टायर खाली दबतो आणि फेरा आखूड पडतो. टायर झिजला की आणखी आखूड. हवा कमी असली की आणखी. डबीला यातलं काही कळत नाही. तिला बसवणाऱ्यानं जो आकडा सांगितला, तो ती मरेपर्यंत धरून बसते. फेरा लांब सांगितला आणि चाक आखूड फेऱ्यानं पळालं, तर डबी सावकाश चालणाऱ्याला पळताना बघते.

म्हणून नियम असा, की गाडीवर मालकाला बसवायचं, त्याचं रोजचं ओझं चढवायचं, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करायची, चाकाचा बरोबर एक फेरा होईल इतकी गाडी ढकलायची आणि फीत लावून मोजायचं. मग अर्जात एक चौकोन असतो : 'नेहमीच्या भारासह मोजले.' त्यात खूण करून सही.

मी अकराशे चाळीस गाड्या मोजल्या. दूधवाल्याचे कॅन चढवून मोजल्या. एका शिक्षिकेला दोन पोरं नि तीन दप्तरांसकट बसवून मोजलं. कंटाळा केला नाही. चुकलो तो एकाच गाडीत.

चौदा महिन्यांपूर्वीची गोष्ट. ताई आल्या. पुढं फूटबोर्डावर पेटी, तिला गोधडीचं आवरण. ताई पेटी पायांशी ठेवत नाहीत, दोन्ही पायांच्या मधे घेतात, तान्ह्याला धरावं तशी. मी धावत गेलो. माझ्या गॅरेजची जमीन म्हणजे ऑइल, ग्रीस, पायाला चिकटणारा चिखल. तिथं पेटी ठेवायची, ताईंना गाडीवर बसवून पुढं-मागं ढकलायचं, लोकांनी बघत उभं राहायचं? आदल्याच संध्याकाळी मी त्यांच्या कीर्तनात रडलो होतो. मी पेटी दोन्ही हातांनी उचलली, घरात नेऊन धुतलेल्या पाटावर ठेवली. ताईंना खुर्ची दिली. माझ्या बायकोनं, नलूनं, आल्याचा चहा केला. आणि मी रिकामी गाडी ढकलून फेरा मोजला : एकशे छत्तीस पूर्णांक तीन सेंटिमीटर. चौकोनात खूण केली. सही केली. ताईंना वाकून नमस्कार केला आणि मोठं पुण्य जोडल्याच्या आनंदात उरलेला दिवस काढला.

*

बुधवारी गतिसाक्षी कक्षात सुनावणी होती. डबी बसवणारा म्हणून मलाही कागद घेऊन बोलावलं होतं. तिथले अधिकारी रणवरे, चाळिशीचे, बोलायला मऊ. त्यांनी ताईंना खुर्ची पुढं केली.

"चहा सांगू, ताई?"

"चहा नको. मी खोटं बोलले असं लिहिलंय. ते कोणी लिहिलं?"

"कोणी नाही. ते आपोआप पडतं."

"आपोआप पाऊस पडतो, साहेब. आरोप कोणीतरी करावा लागतो. कोण तो? मला त्याच्याशी बोलायचंय."

रणवऱ्यांनी पडदा आमच्याकडं वळवला. "हे बघा. तुमचा जबाब अडतीस. साक्षीचा आकडा चाळीस पूर्णांक सहा. फरक दोनपेक्षा जास्त. नियमानं असत्य."

"आणि ज्यांना लागलं, ते काय म्हणतात?"

म्हाताऱ्याचं नाव हणमंत थोरात, टेंभूचे, बाजारात लसूण विकायचे. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी दिलेला जबाब रणवऱ्यांनी लावला. "चूक माजी हाय," हणमंतराव छताकडं बघत सांगत होते. "बशीच्या पुढनं निगालो, डोस्क्यावर पाटी, उजवीकडं बघितलंच न्हाई. त्या बाईचा काय दोष न्हाई. उलट तिनं माजा लसूणबी गोळा करून ठेवला. ल्ह्या ते."

"लिहिलंय का?" ताईंनी विचारलं.

"नोंद आहे. पण पादचाऱ्याचा जबाब धरायचा तो वेग मर्यादेत असेल तेव्हा."

"म्हणजे ज्याचं हाड मोडलं त्याला मत नाही."

रणवऱ्यांनी घसा साफ केला. "ताई, मी तुमचं कीर्तन ऐकलेलं आहे. माझी आई नेते मला. म्हणून सांगतो, मार्ग सोपा आहे. इथं 'अनवधान' असा रकाना आहे. तुम्ही एवढंच मान्य करा, की वेग चाळीस पूर्णांक सहा होता आणि तुमचा अंदाज चुकला. चोवीस तासांत लाल ओळ जाते. दंडही निम्मा."

"पण वेग तेवढा नव्हता."

"तुम्ही मान्य करा फक्त."

"म्हणजे मी आता खोटं बोलले, की तुमच्याकडं खरी ठरते."

"असं नका घेऊ, ताई."

"मग कसं घेऊ? तुम्ही घेऊन दाखवा, मी शिकते."

रणवऱ्यांनी पडदा परत आपल्याकडं वळवला. मग जरा चिडूनच म्हणाले, "तुमच्या गाडीचा काटा चालत नाही, डबीला आकडा नाही. अडतीस हे तुम्हांला कळलं कसं?"

ताईंनी सांगितलं. ओगलेवाडीचा रस्ता काँक्रीटचा. त्याला दर साडेचार मीटरवर जोड आहे, आणि जोडावरून चाक गेलं की टक्-टक् वाजतं, आधी पुढचं, मग मागचं. ताईंचे यजमान बांधकाम खात्यात होते आणि घरी तबला धरायचे. त्यांनी बारा वर्षांपूर्वी मोजून दिलं होतं, की अमुक लयीत जोड वाजले की गाडी अडतीसवर असते. त्या लयीत ताईंचं एक पद चपखल बसतं. ते म्हणत त्या रोज येतात. "सोमवारी नवी चाल बसवत होते, म्हणून फोनवर भरतही होते. ऐकायचं असेल तर आहे."

"फोनवरचं धरत नाहीत, ताई. कोणीही काहीही बनवतं."

"आणि तुमच्या डबीतलं?"

"ती मोहोरबंद आहे. प्रमाणपत्र आहे तिचं." रणवऱ्यांनी माझ्याकडं हात केला. "हे दळवी. यांची सही आहे. नेहमीच्या भारासह मोजलंय, बरोबर ना?"

मी मान हलवली. काय सांगू, नुसती मान हलवली. तोंडानं 'हो' म्हणायचंही धाडस झालं नाही आणि 'नाही' म्हणायचंही.

ताई उठल्या. "रकाना रिकामाच ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि विश्वस्तांना माझाही निरोप द्या. त्यांनी उद्या बोलावलं तरी हा डाग असेपर्यंत मी गादीवर उभी राहणार नाही. तिथं उभं राहिलेल्याच्या पाया पडतात लोक, वयानं मोठी माणसंसुद्धा. ती जागा खोटारड्याची नव्हे."

*

दुपारी जेवण झाल्यावर मी ताईंकडून आणलेलं ते ध्वनिमुद्रण लावून बसलो. ताईंचा आवाज, वारा, आणि खाली टक्-टक्, टक्-टक्. नलू समोर लसूण सोलत होती.

"मोज," मी तिला म्हटलं. "मी घड्याळ बघतो."

"मी कशाला? अकराशे गाड्या तुम्ही मोजल्या."

"मोज म्हटलं ना."

तीस सेकंदांत एकाहत्तर. पुन्हा लावलं. एकाहत्तर. एकाहत्तर गुणिले साडेचार मीटर, भागिले तीस. ताशी अडतीसच्या किंचित वर. यंत्राचा आकडा खरा असता, तर जोड पंचाहत्तर वाजले असते. रस्ता काही कोणाच्या बाजूनं बोलत नाही. जोड ओतणाऱ्या गवंड्याला ताई ठाऊकही नव्हत्या.

नलूनं सुरी खाली ठेवली. "त्या दिवशी ताई खुर्चीत होत्या. पेटी आपल्या पाटावर होती."

"हं."

"मग गाडीवर कोण होतं?"

मी ध्वनिमुद्रण बंद केलं.

"म्हणजे खोटं तुम्ही बोललात."

"मी मान दिला, नलू. त्यांना त्या घाणीत—"

"मान दिलात, बरं केलंत. मग खूण कशाला केलीत? मान पाटावर दिलात, खूण कागदावर केलीत. दोन्ही एक नव्हेत." तिनं लसणाच्या साली सुपात झाडल्या. "आणि आज तिथं काय केलंत? त्यांनी विचारलं असेल ना?"

"मान हलवली."

"ती तेवढी चांगली हलते तुमची. माझ्यापुढं हलवून हलवून सवय झालीय."

एरवी मी हसलो असतो.

ताईंच्या घरी गेलो, तर त्या पेटीचा भाता पुसत होत्या. मी उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि फडकं त्याच जागी फिरत होतं. त्या 'असू दे' म्हणतील, असं मला आतून कुठंतरी वाटत होतं, हे कबूल करतो. मायाळू बाई. अपघातात पडलेल्याचा लसूण गोळा करणारी.

"माझं वजन बासष्ट किलो आहे, सोपानराव," त्या म्हणाल्या. "पेटी अकरा किलो. शिवाय पिशवी. त्यात झांजा, पाण्याची बाटली, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या. एवढी सगळी मी त्या दिवशी तुमच्या दारात आले होते आणि तुम्ही मला वजाच केलंत."

"ताई, मी आदरानं—"

"आदरानंच. मूर्ती समजून. मूर्तीला भूक नसते, घाम नसतो, वजन नसतं. तिला पाटावर बसवलं की झालं. दूधवाल्याला तुम्ही माणूस म्हणून गाडीवर बसवलंत, त्याचं माप बरोबर आलं. माझंच तेवढं चुकलं. चाळीस वर्षं मी गळा काढून हेच सांगतेय, की माणसाला आधी माणूस म्हणून बघा, नमस्कार मागनं करा. तुम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकता. काय ऐकता?"

मला ते लागलं. अजून लागतं. पण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

फडकं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "सांगितलंत तर परवाना जाईल?"

"जाईल."

"मग?"

"उद्या अकराला कक्ष उघडतो," मी म्हटलं. "तुम्ही गाडी घेऊन या. पेटी आणा."

*

कक्षाच्या आवारात फरशी सपाट होती. मी टायरवर खडूची रेघ ओढली, खाली फरशीवर ओढली. ताई गाडीवर बसल्या, पेटी मधे, पिशवी हुकाला. हवा मी मुद्दाम बघितली नाही, रोज असते तशीच राहू दिली. बघायला कारकून बाहेर आले. मी वाकून गाडी ढकलली. रेघ वर गेली, पलीकडं उतरली, पुन्हा जमिनीला लागली. फितीचं एक टोक मी धरलं, दुसरं रणवऱ्यांच्या हातात दिलं, आणि आकडाही त्यांनाच वाचायला सांगितला.

"एकशे अठ्ठावीस पूर्णांक सात," त्यांनी वाचलं. परत वाकून वाचलं.

"प्रमाणपत्रात एकशे छत्तीस पूर्णांक तीन आहे," मी म्हटलं. "ते मी रिकाम्या गाडीचं घेतलं आणि भारासह म्हणून खूण केली. चाळीस पूर्णांक सहाला त्या हिशेबानं आखूड करा. अडतीस पूर्णांक तीन येतात. ताईंनी जे सांगितलं तेच."

रणवऱ्यांनी तोंडी गणित केलं. त्यांचे ओठ हललेले मी पाहिले. मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "दळवी, हे लेखी दिलंत तर परवाना जाईल. तुमची सगळी प्रमाणपत्रं रद्द होतील. अकराशे लोक परत रांगेत."

"बाकीची बरोबर आहेत."

"हे तुम्ही म्हणताय. घरी जा, शांतपणे विचार करा. ताईंना अनवधानाचं समजावा. सगळ्यांचंच भलं आहे त्यात."

"साहेब, ज्यात सगळ्यांचं भलं आणि खरं बोलणाऱ्याचं तेवढं वाईट, त्याला काय म्हणतात हो तुमच्याकडं? रकाना आहे का त्याला?"

मी सही केली.

पंधरा दिवसांनी दोन निकाल आले, एकाच सकाळी, पाच मिनिटांच्या अंतरानं. पहिला माझा : सोपान दळवी यांनी प्रमाणपत्रात असत्य विधान केल्याचे त्यांच्याच कबुलीवरून सिद्ध होते. परवाना रद्द. नावापुढं लाल ओळ. मी तो वाचून मान्य केला. माझं पाप होतं, मला मिळालं.

दुसरा ताईंचा : अर्जदाराच्या बाजूचा एकमेव साक्षीदार सोपान दळवी हा नोंदीनुसार असत्य विधानकर्ता असल्याने त्याची साक्ष ग्राह्य नाही. मूळ निर्णय कायम.

मी ते तीनदा वाचलं. चपला न घालता कक्षात गेलो, हे तिथं पोचल्यावर कळलं.

"मी खोटं बोललो, असं मी सांगितलं," मी रणवऱ्यांच्या टेबलावर दोन्ही कागद ठेवले. "ते तुम्ही खरं धरलंत, म्हणून माझा परवाना घेतलात. तेच वाक्य ताईंच्या कागदावर आलं की खोटं. एकाच माणसाचं एकच वाक्य, सकाळी नऊला खरं, नऊ वाजून पाच मिनिटांनी खोटं. हे कोणाला सुचलं? मला त्याचं तोंड बघायचंय."

"निकाल यंत्रणा देते, दळवी."

"आणि फीत? मी लबाड आहे, कबूल. पण फीत? तिचं टोक कोणाच्या हातात होतं? आकडा कोणी वाचला?"

रणवरे उठले, दार लोटून आले, परत बसले. "मी वाचला," ते म्हणाले. "त्याच दिवशी भरायला गेलो होतो. अधिकाऱ्यानं डोळ्यांनी बघितलेलं भरायला रकानाच नाही. वर कळवलं. उत्तर आलं, की मानवी निरीक्षणात चुकीचा संभव असतो."

त्या माणसावर ओरडावं असं मनात होतं. पण तो इतका शरमलेला होता, की ओरडायला समोर कोणीच नव्हतं. माझा सगळा राग तसाच घेऊन मी परत आलो. असा राग पचत नाही. ज्यावर हाणावा असं डोकंच यंत्रणेला नसतं.

ताईंना निकाल दाखवला. मला वाटलं होतं त्या खचतील. त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले आणि घडी करून पिशवीत टाकले.

"रविवारी चार वाजता कीर्तन करते," त्या म्हणाल्या. "तुमच्या गॅरेजसमोर जागा आहे ना?"

"पण तुम्ही म्हणाला होता, डाग असेपर्यंत—"

"डाग गेला. ज्यानं लावला होता, त्यानं चार माणसांत उभं राहून पुसला. मला तेवढंच हवं होतं. राहिलेला आहे तो पडद्यावर आहे, माझ्यावर नाही. आणि तुमची जमीन झाडू नका फार. आहे तशी असू दे."

*

रविवारी शंभर-सव्वाशे माणसं आली. दूधवाला आला, दप्तरांची शिक्षिका आली, माझ्यामुळं ज्यांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागणार होतं, त्यांतलीही बरीच आली. दोघा-तिघांनी येता येता मला शिव्या घातल्या आणि मग पुढं जाऊन बसले. हणमंतरावांना त्यांच्या सुनेनं रिक्षातनं आणलं. खाली बसता येत नव्हतं म्हणून नलूनं त्यांना खुर्ची दिली, तिला टेकून त्यांचा वॉकर, चालायचा लोखंडी घोडा. रणवरे दिसले नाहीत. त्यांची आई दिसली, दुसऱ्या रांगेत.

ताई उभ्या राहिल्या. त्यांनी निरूपणाला सत्यच घेतलं होतं. आवाजात मऊपणा नव्हता. चाळीस वर्षांत मी त्यांना इतकं रागावलेलं ऐकलं नव्हतं, आणि सूर मात्र केसभर ढळला नाही.

"आकडा म्हणजे सत्य नव्हे," त्या म्हणाल्या. "आकडा ही सत्याकडं जायची पायरी. पायरी चांगली घडवा, तिच्यावर पाय देऊन वर जा. पण पायरीलाच कुंकू लावून तिथंच बसलात, तर वर देव वाट बघत राहील आणि खाली तुम्ही एकमेकांचे गळे—"

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. शंभर खिशांतून, शंभर पिशव्यांतून, एकच किणकिण. ताई थांबल्या. लोकांनी काढून बघितलं. संदेश एकच होता : आपण दोन असत्य विधानकर्त्यांच्या जाहीर कार्यक्रमास उपस्थित आहात. दहा मिनिटांत स्थान न सोडल्यास आपल्या विश्वासांकात घट होईल.

मग कडेचे एक मास्तर उठले, दोन बायका उठल्या. मास्तर खाली मान घालून म्हणाले, "ताई, मुलीच्या नोकरीचं चाललंय. या आठवड्यात बघणार आहेत."

"जा, मास्तर," ताई म्हणाल्या, आणि या एका वाक्यापुरता त्यांचा आवाज पुन्हा नेहमीचा झाला. "मुलीचं बघा. राग नाही."

ते तिघं गेले. राहिलेले हातातल्या फोनकडं आणि एकमेकांकडं बघत होते. कोण कशाच्या हिशेबात आहे, ते प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. कोणाचं घर होतं, कोणाचं कर्ज, कोणाचं लग्न. मी कोणाला काय म्हणणार होतो? माझ्या नावापुढं आधीच लाल ओळ होती. मला घालवायला काही उरलं नव्हतं, त्यांना होतं.

"ए बाई," हणमंतराव सुनेला म्हणाले. ते हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "ह्यो माजा फोन घे आन् तिकडं चपलांत टाकून ये. मला वाकाय येत न्हाई. आन् ताईला म्हनावं, तू थांबू नगंस, मी रिक्षाचं भाडं भरून आलोय."

सून उठली. जिथं सगळ्यांच्या चपला निघाल्या होत्या तिथं गेली आणि सासऱ्याचा फोन त्यांत ठेवला, शेजारी आपला ठेवला. रणवऱ्यांची आई गुडघ्यावर हात देऊन उठली, चपलांपर्यंत गेली आणि परत आपल्या जागी येऊन बसली. मग शिक्षिका. मग दूधवाला. मग एकेकटं कोणी मोजता येईना.

ताईंनी पदर खोचला, तबल्याकडं बघून मान हलवली आणि पहिल्यापासून पद धरलं. दहा मिनिटं झाली, तेव्हा मागं चपलांच्या ढिगात शंभर फोन परत वाजले, बराच वेळ वाजले. मी पहिल्या रांगेत ग्रीसच्या डागावर मांडी घालून बसलो होतो. मागं वळून बघितलं. एकाही माणसाचं तोंड तिकडं नव्हतं.